यकृताची ऊब

खराडीतल्या एका आयटी पार्कच्या कँटीनमध्ये दीक्षा भिंतीवर कागद चिकटवत होती. मागून कोणीतरी तो मोठ्यानं वाचला.

"थंड खोलीत दोन तास बसायला माणसं हवीत? आमच्या मजल्यावर या ना. एसीत नऊ तास बसलेली पन्नास मिळतील."

तिनं वळून पाहिलं. एक तरुण उभा होता; हातात चहा, चेहऱ्यावर साळसूद भाव.

"पन्नास नकोत," ती म्हणाली. "स्वतःहून येणारा एक पुरे."

"मग लिहा… योगेश वानखडे."

दीक्षा शरीरातल्या उष्णतेवर पीएच.डी. करत होती. शनिवारी योगेश प्रयोगशाळेत आला. पातळ सुती कपड्यांत, डोक्यावर पारदर्शक घुमट घेऊन कुडकुडत बसला. श्वासावरून त्याच्या शरीरात किती ऊब तयार होते, ते मोजायचं होतं. काचेपलीकडून दीक्षाची नजर आकड्यांवरून सारखी त्याच्याकडे वळायची, आणि दर वेळी तो तिच्याकडेच बघत असायचा.

"ही ऊब येते कुठून हो?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"स्वस्थ बसलेल्या माणसाची जवळजवळ पाचवा हिस्सा ऊब एकटं यकृत देतं."

"आणि हृदय?"

"ते मुख्यतः पोचवायचं काम करतं."

"बिचारं! सगळी गाणी मात्र त्याच्यावर…"

ती खळखळून हसली. पुढच्या दोन शनिवारी काम संपल्यावरही तो रेंगाळला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

चौथ्या शनिवारी मात्र तो ऑफिसच्या वार्षिक तपासणीतला सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन तिच्यासमोर बसला. यकृतावर चरबी होती.

"मी दारूला कधी हातही लावलेला नाही, दीक्षा."

"दारू न पिताही होतं हे. बैठं काम, अबरचबर खाणं, घराण्यातला मधुमेह… आत्ता लक्ष दिलंस तर चरबी उतरतेही."

"आणि नाही दिलं तर?"

"काहींचं यकृत हळूहळू निबर होत जातं. मग निकामी होतं."

त्यानं रिपोर्टची घडी घातली. मग वडिलांबद्दल बोलू लागला. कोंडीराम वानखडे, अकोल्याहून येऊन पिंपरीच्या कारखान्यात लागलेले. नऊ वर्षांपूर्वी यकृतानंच गेले. आजार कळला तेव्हा 'पीत असणार,' लोक म्हणाले, आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या योगेशला ते पटलं. "मी घेत नाही रे," असं वडील फोनवर म्हणाले, तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला. शेवटचे पाच महिने तो त्यांच्याशी बोलला नाही.

"साखर होती त्यांना?"

"होती." तो पुढे झुकला. "तू सांग ना… ते प्यायचे नाहीत म्हणून."

एका शब्दानं त्याचं ओझं उतरलं असतं. तो शब्द दीक्षाच्या ओठांवर आला होता.

"मला नाही सांगता येणार, योगेश," ती हळूच म्हणाली. "न पिणाऱ्याचंही यकृत जातं, एवढंच मला माहीत आहे. बाकीचं आईंना विचार."

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"मी येते बरोबर."

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये त्याच्या आई, कौशल्याबाई, मेथी निवडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांचे हात थांबले.

"पंचवीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर. मला वास आला नसता?"

"मग मला सांगितलं का नाहीस, आई?"

"दोनदा सांगितलं. 'तू त्यांचीच बाजू घेणार,' म्हणालास. तिसऱ्यांदा नाही सांगितलं." त्या खाली बघत राहिल्या. "हे काय म्हणायचे, माहीत आहे? 'त्याला राग आहे ना, मग तो आयुष्यात दारूला शिवणार नाही. राहू दे राग.'"

योगेशनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. दीक्षा संकोचून उठली, तशी कौशल्याबाईंनी अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली. "बस गं. निवड जरा."

बऱ्याच वेळानं दोघं गॅलरीत उभी होती.

"त्या दिवशी तू नुसतं 'नाही प्यायचे' म्हणाली असतीस, तर मी लगेच मानलं असतं."

"म्हणूनच नाही म्हटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "दीक्षा… तू नेहमीसाठी येशील का इथे? की त्यालाही आधी मोजमाप लागेल?"

"लागेल ना. सहा महिन्यांनी तुझी पुन्हा सोनोग्राफी आहे."

त्याचा चेहरा पडला. "तोपर्यंत थांबायचं?"

"रिपोर्टसाठी थांब," ती म्हणाली, आणि कठड्यावरच्या त्याच्या हातावर तिनं हात ठेवला. "माझं उत्तर 'हो' आहे."