गळाला बांधलेल्या पापण्या

भर दुपारी राही ओसरीवर आली आणि जागच्या जागी थबकली. खांबाला टेकून एक उंच, सावळा मुलगा मासे धरायचा गळ बांधत बसला होता, आणि गळाच्या टोकाशी — तिच्या खोट्या पापण्या!

"अहो, हे काय केलंत!"

"पिसं बांधतोय. बांगडा धावत येतो याच्यावर," तो हसला. "खिडकीत पडली होती. काय मऊ आहेत!"

"पिसं? नवरीच्या पापण्या आहेत त्या!"

नवरी वेदिका, त्याची — ओमकारची — चुलतबहीण. उद्या दहाचा मुहूर्त. नवरी सजवायचं राहीचं हे पहिलंच काम; बिघडलं तर मिरकरवाड्यात तिला पुन्हा कोण बोलावणार? वेदिकाचे डोळे लहान, म्हणून चार दुकानं पालथी घालून तिनं ही हलकी, नाकाकडे आखूड होत जाणारी जोडी निवडली होती. कालच्या हळदीनंतर चिमट्यानं गोंद सोडवला, पट्टी पुसली, केस न भिजवता खिडकीत वाळत ठेवली... आणि ती गळाला!

"धुऊन देतो ना —"

"त्या मासळीच्या हातांनी? डोळ्याला लावायची वस्तू आहे ती! डोळे आहेत की खोबण्या तुम्हाला?"

ओमकार उठला, मोटारसायकल काढून गेला. दिवेलागणीला डबी घेऊन परतला. आत दाट, लांबलचक पापण्या.

"ह्या? वेदिकाच्या डोळ्यांवर झावळ्या बांधू?"

"थांब गो जरा." त्यानं खिशातून दुसरी डबी काढली. पातळ पट्टी, नाकाकडे आखूड... हुबेहूब!

"कशी ओळखलीत?"

"गळाची सोडवून सोबत नेली. केसाला केस जुळवला. जाळी विणणारा माणूस मी... दुकानातली बाई विचारत होती, बायकोसाठी का?"

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, ती अजून रागात आहे."

राहीचे कान तापले. "फाजीलपणा पुरे!"

दुसऱ्या दिवशी नवरी बोहल्याकडे निघाली, तेव्हा तिच्या सोनूबाई आत्यानं कडाकडा बोटं मोडली. "बाय माझी! कोणी गो सजवली हिला?"

संध्याकाळी राहीनं पापण्या पुसून डबीतल्या गोलाईवर नीट बसवल्या, वेदिकाच्या हाती दिल्या आणि निघाली. बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाला टेकून, ओमकार उभा.

"राग गेला?"

"नीट जपल्या तर त्या पापण्या वीसदा लावता येतात. माझा राग त्याहून टिकतो."

"मग गेला ते कळायचं कसं?"

"रोज येऊन विचारायचं," ती फणकारली. आणि हसू दिसू नये म्हणून तिनं पापण्या खाली झुकवल्या — स्वतःच्या, खऱ्या.