पाणबुडीचा कोरा काटा

घाटंजीच्या पुंडलिकरावांचं कापसाचं जिनिंग म्हणजे टिनाच्या शेडमधला एक म्हातारा बॉयलर आणि त्याला शिव्या घालत चालवणारा किसनसिंग फिटर. त्या साली ऐन दसऱ्याच्या तोंडावर बॉयलरचा दाब दाखवणारा काटा मोडला.

"दसऱ्याले बॉयलर पेटला नाही, त तू तांड्यात बकऱ्या राखजो," मालकांनी बजावलं.

किसनसिंगला बकऱ्यांचा भारी तिटकारा. तो तडक मुंबईच्या भंगारबाजारात गेला आणि ताटाएवढा पितळी काटा घेऊन आला. भंगारवाला इमानी होता. पाणबुडी किती खोल गेली ते दाखवणारा हा बदली भाग आहे, हे त्याने सांगितलं. माल कोरा, कारण ज्या पाणबुडीसाठी तो आला, ती बंदरात परतलीच नाही. किसनसिंगने मनाशी म्हटलं, दाब तो दाब, पाण्याचा काय नि वाफेचा काय!

दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, तसं काट्यालाही लागलं. बॉयलर अजून पेटायचा होता, तरी काटा हलला आणि वीसवर जाऊन थांबला.

"मालक, थंड्या बॉयलरवर काटा चढून राह्यला. काढू का?"

"पूजा झालेला नग हंगाम उठेपर्यंत काढत नसतात. काहून अपशकुन करतं बे?"

काटा रोज थोडा चढे, आग विझली तरी उतरत नसे. पन्नास ओलांडल्यावर शेडमध्ये सगळ्यांच्या कानांना दडे बसले. हवेत उडालेली रुई खाली पडेना, नुसती तरंगत राही. सगळ्यात हाल झाले ते भुरीबाईचे. सरकी वेचता वेचता मालकांचा उद्धार करणं हा तिचा जन्माचा धंदा, आणि आता तिचं तोंड नुसतं हलताना दिसे. बिचारी खंगायला लागली. पुंडलिकराव मात्र खूश होते. बायका गप्प बसून काम करतात, यापरता चांगला हंगाम त्यांनी पाहिला नव्हता.

किसनसिंगला मात्र जेवण जाईना. हा काटा आपण आणलाय, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

एका दुपारी काटा शेवटच्या आकड्याला टेकला.

भिंतीचे पत्रे करकरले. मग आत वाकले.

चुलीत गेली पूजा! बकऱ्या तर बकऱ्या! किसनसिंग पाना घेऊन धावला. भुरीबाईने त्याचं मनगट धरलं आणि दाराकडे बोट दाखवलं. आधी बाया बाहेर काढ, असा तिचा इशारा.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. त्याने खांदा लावला. गड्यांनी लावला. शेवटी मालकांनीही लावला.

दार हललं नाही.

उंबऱ्याखालून पाण्याची बारीक धार आत आली. भुरीबाईने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाये," ती हळूच म्हणाली.

या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं.