दुपारचे फरक

जयवंतानं पदर सावरत दार ढकललं, वारा आत शिरला आणि समोरच्या तरुणाच्या मेजावरच्या काळ्या मखमलीवरून कापसाचे तंतू भुर्रकन उडाले.

"दार लावा ना बाई! मोजून राहिलो होतो ना मी..."

"मंग पुन्हा मोजा," ती हसली. "मी नव्या यंत्रावर आली."

एकसष्टचा हिवाळा होता. अकोल्याच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत हा तरुण, भगवंत, कापसाचे तंतू हातानं ओढून पट्टीवर त्यांची लांबी मोजायचा. जयवंता तेच काम विलायती यंत्रावर करणार होती. दोघांची मापं जुळली तर भगवंत राहणार, नाहीतर मूर्तिजापूरच्या गोदामात बदली. तिला ही बदली पहिल्याच आठवड्यात नकोशी झाली. डोळेच तसे होते मेल्याचे!

महिन्यानं साहेब आकडे पाहून खूश झाले. "यंत्राचं माप वाढतं तसं हाताचंही वाढतं. झालं की!"

जयवंता मात्र हट्टी. सोबतीनं वाढणं निराळं, जुळणं निराळं. टोक तुटलेली पट्टीसुद्धा लांब तंतूला जास्तच आकडा दाखवते, पण तो खोटाच ना! तिनं प्रत्येक नमुन्यातला दोघांच्या मापांचा फरक काढला. सकाळचे फरक अगदी किरकोळ. दुपारचे मात्र कधी इकडे, कधी तिकडे, कसेही. दुपारी असं होतं तरी काय? तिनं खिडकी झाकून पाहिली, फरशीवर पाणी शिंपडून पाहिलं. फरक तसेच. मग एकदम ध्यानात आलं... दुपारी तर ती स्वतःच नमुने घेऊन त्याच्यासमोर बसते!

पडताळून पाहायलाच हवं. तिनं एकाच कापसाचे झुबके त्याला दिले. ती वऱ्हांड्यात गेली की माप चोख. समोर येऊन बसली की बोटं थरथर.

"भगवंतराव, माझ्यासमोरच हात काहून हलते?"

"गर्मी हाय ना..."

"पौषात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमी समोर बसता... मंग मले कापूस दिसतच नाही. तुमीच दिसता."

तिला मनातून फार आनंद झाला. पण खोटा अहवाल लिहिणं तिच्यानं होणार नव्हतं.

"आता साहेबाले काय सांगसान?" त्यानं भीत भीत विचारलं.

"खरं तेच. हाताचं माप जुळते — फक्त मोजताना मी खोलीत नको."

"मंग नोकरी राहीन... पण तुमी मले कुठं भेटसान?"

"बडनेऱ्याले, आमच्या गावाले. रविवारी घरी या, बाबाले विचारा. अन्..." तिनं पदर तोंडाशी धरला, "तिथं हात हलला तरी चालते."