मेणाचे दात

धड पाऊस नाही आणि धड बर्फही नाही, असं काहीतरी त्या सकाळी अलमाटी शहरावर कोसळत होतं. बसथांब्याच्या छपराखाली उभी राहून तोल्कीन स्वतःला समजावत होती... अजून परत जाता येईल. वर्ग सुरू व्हायचाय. कुणाला कळणारही नाही.

"ऐका ना, ती दात बनवायची शाळा इकडेच कुठेतरी आहे का?"

आवाज मागून आला. खोल, ऊन-ऊन आवाज. ती वळली. पस्तिशीचा एक उंच माणूस, केसांतून पाणी निथळत असलेला, छत्री नाही.

"का? दात पडलेत तुमचे?"

"अजून नाही. पण आत्ताच शिकून ठेवलं, तर म्हातारपणी घरच्या घरी सोय."

तोल्कीन हसली. मग स्वतःचाच राग आला तिला. कित्येक महिन्यांत हसली नव्हती, आणि हसली ती अशा फुटकळ विनोदावर!

"चला," ती म्हणाली. "मीही तिकडेच निघालेय."

वयाच्या आठव्या वर्षापासून तोल्कीन बर्फावर धावत होती. लांब पल्ल्याच्या स्केटिंगमध्ये तिचं नाव संघात कायम असायचं, पण पदकाच्या यादीत कधीच नाही. कधी पाचवी, कधी सहावी. आणि मागच्या वसंतात प्रशिक्षकांनी स्वतःचे हातमोजे चढवता चढवता तिला सांगितलं, "तुझ्या जागी नवी मुलगी घेतलीय." बस, एवढंच. दुसरा हातमोजा चढेपर्यंत बोलणं संपलंही होतं.

त्यानंतर ती बुटांच्या दुकानात विक्रीला उभी राहिली, तिथून तिला काढलं. मग छोट्या मुलांना स्केटिंग शिकवायला गेली. एके दिवशी मुलांसमोर बर्फावर बसून ती एवढी रडली, की घाबरलेल्या मुलांनी आपापल्या आयांना बोलावून आणलं. शेवटी मावसबहीण म्हणाली, "दात बनवायला शीक. माणसांचे दात पडायचे काही थांबत नाहीत."

वर्ग तळघरात भरायचा. शिकवणाऱ्या रौझा आपाय, म्हणजे रौझाबाई, मेणाचा गोळा हातात देत आणि म्हणत, "यातून दाढ कोरा." तोल्कीनची दाढ दर वेळी मधोमध तुटायची. आणि त्या उंच माणसाची, सनझारची...

"हा दात आहे की बटाटा?" आपायनी विचारलं.

"बटाट्याचा दात, आपाय. मऊ खाणाऱ्यांसाठी."

सगळा वर्ग खिदळला. बाकीची मुलं विशीतली होती. ती त्याला 'सनझार आगा' म्हणत, म्हणून तोल्कीनही म्हणू लागली.

"तू तरी आगा म्हणू नकोस," एकदा तो कुजबुजला. "एकदम थोरला भाऊ करून टाकतेस."

"मग काय म्हणू?"

"नुसतं सनझार... जमेल?"

"वयाचा मान ठेवायला नको का, आगा?" ती म्हणाली, आणि मेणाकडे बघत राहिली. हातातलं मेण जरा जास्तच वितळलं होतं.

एक दिवस आपायनी त्याला प्लास्टरच्या पोत्यावरच्या सूचना मोठ्याने वाचायला सांगितल्या. तो वाचू लागला आणि तळघर शांत झालं. पाणी किती, प्लास्टर किती, ढवळायचं कसं... अगदी रुक्ष मजकूर, पण तो आवाज! तोल्कीनच्या हातातली कोरणी थांबली. आई संध्याकाळी कणीक मळायची तेव्हा स्वयंपाकघरातल्या रेडिओतून हाच आवाज यायचा. उद्याचं हवामान सांगायचा, गावोगावच्या फर्माइशी वाचायचा.

"तुम्ही रेडिओवर होता!" बाहेर पडल्यावर ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "होतो. केंद्र विकलं गेलं. आता नुसती गाणी लागतात. मधे माणसाने बोलायची गरज नाही म्हणाले."

कोपऱ्यावरच्या तंदूरमधून त्याने दोन सामसे, खिमा भरलेले गरम पाव, आणले. वाफेतून तो तिच्याकडे बघत राहिला, मग हलकेच बोट फिरवून तिच्या भुवईवरचं प्लास्टर झटकलं.

"भुवई पांढरी झालीय तुझी. माझ्याबरोबर म्हातारी होतेयस की काय?"

"तुमच्याबरोबर कोण होतंय?" ती फटकन बोलली. पण सामसा न खाताही तिची जीभ पोळल्यासारखी झाली होती.

हिवाळ्यात तिच्या जागी घेतलेल्या मुलीने पदक आणलं. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तोच फोटो. तोल्कीन कोट टांगायच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली. आपली सगळी वर्षं त्या मुलीची जागा अडवण्यातच गेली, असं तिला वाटलं. सनझार आला, शेजारी बसला. समजूत घातली नाही. थोड्या वेळाने रेडिओच्या आवाजात म्हणाला,

"अलमाटी आणि परिसर. आज दिवसभर डोळे भरून येण्याची शक्यता. संध्याकाळपर्यंत... उघडीप नाही."

ती रडता रडता हसली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली, "गप्प बस रे, सनझार."

'रे' ऐकून तो खरंच गप्प बसला.

वसंतात परीक्षा झाली. तोल्कीनची कवळी नीट बसली. सनझारच्या कवळीचे वरचे-खालचे दात जुळेचनात.

"शरदात पुन्हा बस," रौझा आपाय हळू आवाजात म्हणाल्या. तो हसला, ॲप्रनची व्यवस्थित घडी घातली आणि निघून गेला. मग फोन उचलेना. शेवटी त्याच्या घरमालकिणीकडून तोल्कीनला कळलं, की दूरच्या अक्ताऊला मेव्हण्याने गोदामात काम बघितलंय, दुपारची गाडी आहे.

ती स्टेशनवर पोहोचली तेव्हा तो डब्याच्या दारात उभा होता. फलाटावर पाऊस तिरका येत होता.

"एकदा नापास झालास, तर पळतोस?" तिला धाप लागली होती. "मी वर्षानुवर्षं हरले. अख्ख्या देशासमोर!"

"तू देशासमोर हरलीस, तोल्कीन. मी तुझ्यासमोर हरलो. ते... नाही सोसत."

"पुन्हा बस ना. मी शिकवते तुला."

"तेच नकोय. तू शिकवणार, तू कमावणार, आणि मी आभारी चेहरा करून तुझ्याकडे बघत बसणार. एक दिवस तुझा राग राग करायला लागेन. स्वतःला ओळखतो मी."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. किती साधं होतं ते वाक्य! आणि किती उशिरा आलं होतं.

त्याने डोळे मिटले. "माझंही... त्या बसथांब्यापासून."

"मग उतर."

तो उतरला नाही. "तू... चढशील?" त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघतही नव्हता.

तिने पायरीवर एक पाय ठेवला. दंड धरायला त्याचा हात पुढे आला. सोमवारपासून तिला एका छोट्या दवाखान्यात कामाला लागायचं होतं. खिडकी नसलेली खोली, एक घासायचं यंत्र, एक दिवा. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, की तुझं जमलंय... ये.

तिने पाय मागे घेतला.

गाडी हलली. तो दारातच उभा राहिला, काहीतरी बोललासुद्धा. पण तो आवाज, ज्याच्यासाठी तिची आई मळता हात थांबवायची, चाकांच्या खडखडाटात ऐकूच आला नाही.

सोमवारी तिच्यासमोर पहिलं काम आलं ते एका म्हाताऱ्या आजीच्या कवळीचं. आठवड्याच्या शेवटी कवळी तयार झाली. ती बसवताना बघायला डॉक्टरांनी तोल्कीनलाही बोलावलं.

"हसून दाखवा, आजी."

"कुणासाठी हसू? ज्याच्यासाठी हसायचं तो तर कधीच गेला," आजी म्हणाली, आणि मग आरशात बघून खरंच हसली. पांढरेशुभ्र, सरळ दात. सुरकुत्यांमधून एक तरुण मुलगी डोकावून गेली.

तोल्कीनच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. थांबेचना.

"काय गं? इतकी वाईट दिसतेय मी?"

"नाही, आजी... फार छान दिसताय."

आजीने तिला जरा वेळ निरखलं. मग जबडा इकडे-तिकडे हलवून बघत म्हणाली, "खाली डावीकडे टोचतंय थोडं."

तोल्कीनने बाहीने डोळे पुसले, कवळी हातात घेतली आणि घासायचं यंत्र सुरू केलं.