पुडीचा कागद

"थांबा! तो कागद फाडू नका!"

कामरगावच्या बाजारात, शालिग्रामच्या दुकानात, गुळाची पुडी बांधणारा हात जागीच थबकला. इंद्रभाननं मान वर केली. तो शालिग्रामचा पुतण्या, नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेला आणि नोकरी लागेपर्यंत गल्ल्यावर बसलेला.

"काहून?"

"त्याच्यावर मासिकाचा पत्ता असंल… मले पाह्यचा हाय."

धनजच्या पंचफुलेला मासिकं मिळत ती अशीच, गुळाला नाही तर सुपारीला गुंडाळून. पुडीवरच्या अशाच एका पत्त्यावर दिवाळीत तिनं आपली गोष्ट पाठवली होती. नुसतं 'साभार परत'सुद्धा आलं नव्हतं. आणि वडिलांचा, नानाजींचा, शब्द ठरलेला: आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गोष्ट छापून आली, तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवीन; नाही तर मानोऱ्याच्या स्थळाला होकार.

तिनं सारी हकीकत सांगितली, तेव्हा ज्या कागदावरच्या पत्त्यावर गोष्ट पाठवली होती, तो तिनं जपून आणलेला जुना कागद इंद्रभाननं उजेडात धरला. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या कर्जरोख्यांची जाहिरात.

"ही लढाई सरून वीस वर्षं होत आली. हे मासिक कवाचंच बंद पडलं असंल…"

"माह्याजवळ दुसरी नक्कल नाही!" पंचफुला म्हणाली.

"डोक्यात तं हाय ना? पुन्हा लिवा. जितं मासिक मी शोधतो."

पुढच्या बाजारी तिनं गोष्ट नव्यानं लिहून त्याच्या हाती दिली. त्याच्या पुढच्या बाजारी तो कारंज्याचं वाचनालय पालथं घालून आला होता.

"एकात नुसत्या पुराणातल्या राण्या. दुसऱ्यातले नायक पुण्याचे, सारखे चहा पेतात. हे मात्र पाहा, यात कापसाच्या जिनिंगातल्या मजूरबाईची गोष्ट आली होती. तुमची पऱ्हाटी वेचनारी पोरगी इथंच शोभते."

"सारं वाचून काढलं?"

"वाचल्याबिगर कसं समजंल?"

"आन् माही?"

"तीनदा." त्याचे कान लाल झाले. "…तपासासाठी."

"अस्सं! तपासासाठी!" ती हसली, आणि मग उगाचच गुळाच्या ढेपेकडे पाहत राहिली.

गोष्ट त्या मासिकाला पाठवली; परत आलीच तर घरी बोभाटा नको म्हणून पत्ता दुकानाचा दिला. तिथंच घोळ झाला.

आखाजीच्या आदल्या सकाळी मानोऱ्याचे पाहुणे ओसरीवर येऊन बसले. मासिकाचं उत्तर नव्हतं, अंकही आलेला नव्हता. पंचफुला आत कपबशा मांडत होती. तेवढ्यात मागच्या दारी सायकल आदळली.

"अंक कालच आला होता!" इंद्रभानला धाप लागली होती. "काकानं रद्दी समजून पुड्या बांधल्या… बाकीची पानं गावभर फिरून जमवली. पन पहिलं पान, तुमच्या नावाचं, तुमच्याच साखरेच्या पुडीले गेलं!"

साखर डब्यात होती. कागद? तिची आई सोजरबाई चुलीला फुंकर घालत होती…

"मा, तो कागद!"

पंचफुलेनं सरळ चुलीत हात घातला. बोटं पोळली, पण कागदाचा कोपराच तेवढा जळाला.

ओसरीवर नानाजींनी तो कागद चष्म्याजवळ नेला. एकेक अक्षर लावत गेले. "पंच…फुला… मुक्काम धनज." पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. नानाजींनी कागदाची घडी केली, ती बंडीच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला.

"पाहुनेहो, चहा घ्या. राग मानू नका. पोरीले मी शब्द देल्ला हाय."

मागच्या अंगणात इंद्रभाननं रुमाल रांजणात भिजवून आणला होता. तिच्या बोटांना तो गुंडाळू लागला, पुडी बांधावी तसा नीट, कोपरा आत खोचून.

"आता पुढची गोष्ट कुठं पाठवू?" तिनं हळूच विचारलं.

"एक जागा माह्या पाहण्यात हाय… पन तिथं गोष्ट चालत नाही. लिवनारीलेच या लागते."

"आन् साभार परत आली तं?"

"परत करायचा रिवाजच नाही तिथं."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"मंग ट्रेनिंग होऊ द्या," ती म्हणाली, "तवर जागा राखून ठेवा… आन् तुमच्या काकाले सांगा, आता काही फाडू नका म्हना!"