वार

मिरजेच्या प्रयोगशाळेत व्रणवाचकाच्या पडद्यावर डॉ. मृण्मयी दाभाडे आपल्याच गर्भाशयाचं चित्र पाहत होती. पहिला गर्भ पडला तेव्हा डॉ. जयराज निंबकरांनी तिची पिशवी साफ केली होती. घाईघाईने, गरजेपेक्षा फार खोल खरवडून. ज्या तळथरातून दर महिन्याला अस्तर उगवतं, तोच निघून गेला. उघड्या भिंती एकमेकींना चिकटल्या, पाळी थांबली, पुन्हा दिवस राहिले नाहीत. तुमच्या शरीराचाच दोष, म्हणून निंबकरांनी हात झटकले. मृण्मयी ते हात विसरली नाही.

व्रण वाचणारं हे यंत्र तिने आणि पदार्थवैज्ञानिक इक्बाल तांबोळीने मिळून घडवला होता. इक्बाल त्याचं तत्त्व सोपं करून सांगे: जखम भरताना तंतू ओरखड्याच्या दिशेनेच विणले जातात. दाब, कल, वळण प्रत्येक हाताचं वेगळं, म्हणजे व्रण ही सहीच. पुढे त्या तंतूंवर जे वाढेल तेही त्याच रांगा धरतं.

निंबकरांच्या इतर रुग्णांतही तीच सही सापडली, आणि मृण्मयीने दावा लावला. एकीचा व्रण म्हणजे अपघात. अनेकींचा सारखा निघाला तर बेपर्वाई. न्यायालयाने त्रयस्थ तज्ज्ञांकडून फेरतपासणी करायची ठरवली. ती व्हायच्या आत निंबकरांनी मोठ्या मनाचा आव आणून या बायकांवर मोफत उपचार जाहीर केले. दुर्बिणीतून पाहत भिंतींना जोडणारे व्रणाचे पडदे कापायचे, भिंती पुन्हा मिळू नयेत म्हणून आत फुगा ठेवायचा, मग स्वतःच्याच मूळपेशींची अस्तरपेरणी.

त्यांच्यातली वैजयंता कोळी मृण्मयीकडे आली. तिला मूल हवं होतं आणि निंबकरांना शिक्षाही.

"मॅडम, मी गेले तर तुमचा पुरावा जाईल ना?"

"तू जा. सगळ्यांना घेऊन जा," मृण्मयी म्हणाली. "फक्त बाळंत झालीस की मला कळव."

ती गेल्यावर इक्बाल मृण्मयीकडे वळला. मग तो म्हणाला की तू खटला आपल्या हाताने बुडवलास. मृण्मयीने त्याला त्याचंच तत्त्व ऐकवलं, तसा तो खुर्चीत सावरून बसला.

फेरतपासणीत उपचार न घेतलेली मृण्मयी सोडून सगळ्यांचं अस्तर नितळ निघालं. निंबकरांचे वकील हसले. मृण्मयीने फक्त मुदत मागितली, आणि ती मिळाली.

पुढच्या वर्षी त्रयस्थ तज्ज्ञ न्यायालयात आले ते बाळंतिणींच्या वारा तपासून. बाळाला पोसून बाळापाठोपाठ बाहेर पडलेल्या त्या वारा, बायकांनी आपखुशीने दिलेल्या. पडदे कापले गेले होते, पण नव्या अस्तराखाली स्नायूंतले ओरखडे तसेच होते. वारेची मुळं त्यांवरच रुजली, त्याच रांगा धरून वाढली. प्रत्येक वारेवर एकाच हाताची सही होती, आणि तीच मृण्मयीच्या व्रणातही.

निंबकरांनी न्यायालयातल्या पडद्यावरच्या चित्रांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"तुम्ही यांना बरं केलं नसतंत," मृण्मयी त्यांना शांतपणे म्हणाली, "तर या वारा कधीच बाहेर आल्या नसत्या."

मागच्या बाकावर वैजयंताची मुलगी रडू लागली. मृण्मयीने वळून पाहिलं नाही. तिला निंबकरांचा चेहरा शेवटपर्यंत पाहायचा होता.