उतारू तिचा

समोरच्या काठावर सात गोष्टी होत्या. नदी पार करायचा पण पालथा घातलेला एक डोंगा, विजेचे दोन खांब, चरणाऱ्या तीन म्हशी आणि वांग्यांच्या वाडीत उभं केलेलं एक बुजगावणं. त्यामागे रेती, सपाट शेतं आणि फार लांबवर बाभळींची पुसट रेघ. भिंत नाही, दरड नाही, टेकडी नाही. आवाज आपटून परत यावा असं तिथे काहीच नव्हतं. मी हे दोनदा तपासलं, कारण परत येणारा आवाज हेच माझं काम आहे.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात पोलादी नळ्या तपासते. नळीत आवाज सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते बघायचं आणि त्यावरून आतली भेग कुठे आहे ते सांगायचं. वेळ नीट मोजला की अंतर आपोआप कळतं.

पवनीला आम्ही डिसेंबरातल्या एका शनिवारी गेलो, मी आणि माझा नवरा कैलाश. माझं माहेर लाखनीचं, म्हणजे जिल्हा तोच, पण पवनी मी कधी पाहिली नव्हती. अनोळखी गावात अंदाजानं फिरणं मला जमत नाही. म्हणून गाईड करायचं मीच ठरवलं आणि ओळखीतून राखीचा नंबरही मीच मिळवला. कैलाश हसला. "पवनीत कोणी गाईड करते काय," तो म्हणाला. "दोन गल्ल्या अन् एक नदी."

लग्नाला आठ महिने झाले होते. कैलाश नागपूरचा, बँकेत आहे, मोकळ्या गळ्याचा माणूस. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अगदी लहान आहे. मी हाक मारली की तो लगेच "ओ" देतो. दाढी करत असला तरी, फोनवर असला तरी, झोपेत असला तरी. माझ्या माहेरी आई बाबांना तीन हाका मारायची, तेव्हा कुठे ते मान वर करायचे. त्यामुळे त्या "ओ"ची किंमत मला माहीत होती.

राखी किल्ल्याच्या दरवाज्यापाशी उभी होती. पंचविशीची, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी. मला ताई म्हणाली, कैलाशला भाऊ. तटावरची वाट अरुंद होती, दोघंच शेजारी चालू शकत होते. ते दोघं पुढे आणि मी मागे असं कधी झालं ते कळलं नाही. ती चांगली गाईड होती, हे मान्य करायला हवं. खंदक कुठे बुजवला, कोणत्या गल्लीत अजून हातमाग चालतात, कोणत्या देवळाचा कळस कोणत्या पुराने गेला, हे ती स्वतःच्या घरातलं सांगावं तसं सांगायची. कैलाश एकामागून एक प्रश्न विचारत होता. आठ महिन्यांत माझ्या कामाबद्दल त्यानं दोन प्रश्न विचारले होते आणि त्यातला एक पगाराचा होता.

ती त्याला भाऊ म्हणते आहे, अशी मी स्वतःला आठवण करून देत होते. भाऊ म्हटल्यानं काही सिद्ध होत नाही.

दुपारचं जेवण राखीच्या घरी होतं, तेही ठरलेल्यातच होतं. चिन्नोरचा भात आणि झिंग्यांचा रस्सा. अंगणात तिचा नवरा प्रविण जाळं विणत बसला होता. पूर्वी तो धरणाच्या पाण्यात बोट चालवायचा, आता घरीच असतो, एवढंच तिनं सांगितलं. पानं वाढल्यावर तिनं दारातून हाक मारली, "प्रविण."

तो विणत राहिला. मग, जणू ती हाक कुठून तरी लांबून चालत आली असावी, तशी त्यानं मान उचलली आणि म्हणाला, "ओ."

"नवऱ्याले नाव घेऊन बोलावते, मंग असंच होते," तिची सासू शकुनबाई आम्हाला म्हणाली. आणि बसल्या जागेवरून, अगदी हळू, "बाबू, जेव."

प्रविण लगेच उठला.

राखीनं खाली बघितलं. मला तेव्हा बरं वाटलं. सकाळपासून जिच्या प्रत्येक वाक्यावर माझा नवरा मान डोलावत होता, तिचं तिच्याच घरी कोणी ऐकत नव्हतं.

जेवताना शकुनबाईनं विचारलं, घाटावर हाक मारली की नाही. कैलाशला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिनं सगळं सांगितलं. पूल नव्हता तेव्हा डोंगे तिकडच्या काठावर असत. इकडच्या उतारूनं घाटावर उभं राहून स्वतःचं नाव ओरडायचं. तिकडून रुखमा डोंगेवाली तेच नाव ओरडून परत द्यायची, म्हणजे ऐकलं, येते आहे. पूल झाला, डोंगे गेले, रुखमाला बघितलेलं आता गावात कोणी उरलं नाही. पण कोणाकोणाचं नाव अजून परत येतं.

कैलाशचे डोळे चमकले. राखी त्याच्याकडे बघून म्हणाली, "ते मी दाखवत नाही, भाऊ."

"काहून?"

"तसंच."

तिनं ते फार मऊ आवाजात म्हटलं, जपून ठेवायच्या वस्तूशी बोलावं तसं. मला तेच लागलं. पूर्ण दिवसाचं ठरलं आहे, तेव्हा सगळं दाखवायला हवं, असं मी तिला सांगितलं. शकुनबाई भाताचा घास कालवत हसली. "भेव वाटते हिले," ती म्हणाली.

वैजेश्वराच्या देवळापलीकडे तो लहानसा घाट आहे. धरणामुळे पाणी तुंबलेलं, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. वारा नव्हता. पाण्यावर उन्हाचा एकच सपाट पत्रा होता. राखी वरच्या पायरीवर थांबली, खाली आली नाही. मी समोरच्या काठावरच्या गोष्टी मोजल्या, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कैलाशला मान हलवून खूण केली.

"एकदाच, भाऊ," राखी म्हणाली.

कैलाशनं तोंडाशी हात धरले आणि तो स्वतःचं नाव ओरडला. आवाज पाण्यावरून गेला. मग नाव परत आलं. स्पष्ट, जरासं बारीक.

फोनच्या पडद्यावर दोन उंचवटे उमटले होते. दोघांमध्ये २.०४ सेकंद. आवाज गेला आणि आला, म्हणून अंतर निम्म्या वेळाचं धरायचं. साधारण तीनशे चौपन्न मीटर. नकाशात नदीची रुंदी तिथे तेवढीच होती. म्हणजे नाव समोरच्या काठावरून परत आलं होतं.

मी माझं नाव ओरडले. काही आलं नाही. पुन्हा ओरडले, जोर लावून, घसा दुखेपर्यंत. समोरच्या एका म्हशीनं मान वर केली, बस.

"तुले नाही घेऊन राहिले ते," कैलाश हसत म्हणाला.

मी हसले नाही. नळीत भेग असली तर ती तपासणाऱ्याचा हात बघून दिसत किंवा लपत नाही. आणि एका वाचनावर काही ठरत नसतं. मी कैलाशला पुन्हा हाक मारायला सांगितलं.

"नको, ताई," राखी म्हणाली. "नाव परत दिलं का ते निघते."

कोण निघतं, हे मी विचारलं नाही. ती हे वाक्य माझ्याशी बोलत होती आणि बघत त्याच्याकडे होती.

कैलाश ओरडला. नाव परत आलं. १.५२ सेकंद. दोनशे चौसष्ट मीटर. तिथे फक्त पाणी होतं.

मला वाटलं माझं चुकलं. म्हणून तिसरी हाक.

०.९० सेकंद. दीडशे मीटरच्या थोडं पुढे. या वेळी आवाज बाईचा आहे हे नीट कळलं. आणि ते ओरडणं नव्हतं. चुलीपाशी बसलेल्या बाईनं अंगणातल्या माणसाला हाक मारावी, ओरडायची गरजच नाही अशी, तशी ती हाक होती. मी त्याला तशी हाक कधी मारली नव्हती. मला तशी येतच नाही.

राखी धावत खाली उतरली. बुटांसकट पाण्यात उभी राहिली आणि तिनं कैलाशच्या तोंडावर हात ठेवला.

मला फक्त तो हात दिसला. तिची बोटं, त्याच्या ओठांवर. त्यानं ती बाजूला केली नाहीत. बोटांच्या वरून तो पाण्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी ओळखत होते तो भाव होता. मी हाक मारल्यावर, "ओ" म्हणायच्या आधीचा.

"हात काढ," मी म्हणाले.

तिनं काढला.

मग मी कैलाशला सांगितलं, आता माझं नाव घे.

त्यानं घेतलं. "उर्वशी." नेहमीपेक्षा हळू, पण घेतलं.

पाण्यावरून उत्तर आलं, "कैलाश."

०.३० सेकंद. बावन्न मीटर.

पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. मी समोरचा काठ पुन्हा मोजला. तीन म्हशी, दोन खांब, बुजगावणं.

सहा.

राखीनं आम्हाला घाटावरून वर काढलं. कैलाश पुढे चालत होता, शीळ घालत. ती पहिल्यांदाच माझ्या शेजारून चालत होती. तिच्या बुटांतून पाणी गळत होतं.

"डोंगेवाल्यांचा एक नेम होता, ताई," ती म्हणाली. "जिनं नाव परत दिलं, उतारू तिचा. मंग दुसरा डोंगा त्याले घेत नसे."

मी म्हणाले, ही गोष्ट तिनं आधी सांगायला हवी होती. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"प्रविणनं हाक दोनदाच मारली होती," ती म्हणाली.

मी कैलाशला हाक मारली. तो माझ्यापुढे फार तर दहा पावलं होता. त्याची शीळ चालू राहिली. मग थांबली. मग तो वळला आणि म्हणाला, "ओ."

नागपूरला आल्यावर सगळं पहिल्यासारखं आहे. कैलाश बँकेत जातो, वेळेवर येतो, जेवणाला नावं ठेवत नाही. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान उत्तम आहेत असं सांगितलं. त्याच्या आईनं फोनवर हाक मारली की तो तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतो. शेजारच्यांना, दूधवाल्याला, कुरिअरवाल्यालाही. उशीर फक्त माझ्या हाकेला होतो. स्कूटरवर तो आता पुढे सरकून बसतो आणि आमच्या दोघांमध्ये एका माणसाची जागा उरते. मी पुढे सरकले तरी ती जागा तेवढीच राहते. सोफ्यावरही तो एका टोकाला बसतो. दुसऱ्या टोकाला मी जाऊन बसले की तो थोडा वेळ माझ्याकडे बघतो, कोणाच्या तरी जागेवर बसलेल्या पाहुणीकडे बघावं तसा.

मागच्या आठवड्यात मी राखीला फोन केला. प्रविणला आता किती वेळ लागतो, हे मला विचारायचं होतं.

"मी आता आवाज देतच नाही, ताई," ती म्हणाली. "काही काम असलं तं बुढीले सांगतो."

मग तिनं विचारलं, "भाऊ तुमच्याच घरी आहे न?"

मी हो म्हणाले.

"प्रविणही घरीच आहे," ती म्हणाली.

रविवारी दुपारी मी फोन रेकॉर्डिंगवर ठेवला. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि बाहेर सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या कैलाशला हाक मारली. एकदाच.

कानाला माझी एकच हाक ऐकू आली. पडद्यावर दोन होत्या. दुसरी पहिलीला चिकटून, ०.०२ सेकंदांनी. एवढा कमी वेळ कानाला वेगळा काढता येत नाही. भिंतीवरून आलेला माझाच आवाज असेल म्हणून कैलाश बँकेत असताना मी तीच हाक त्याच जागेवरून मारून बघितली. तेव्हा ती दुसरी हाक पडद्यावर नव्हती.

०.०२ सेकंद म्हणजे साधारण साडेतीन मीटर. ओट्यापासून सोफ्याच्या रिकाम्या टोकापर्यंत मी टेप लावून मोजलं. तीन मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

त्या रविवारी कैलाशची "ओ" २.०४ सेकंदांनी आली, समोरच्या काठावरून यावी तशी.